खोटी नोट ओळखणारी मावशी आणि लाल निघालेलं लिंबू

मावशी बँकेत होती, ३२ वर्षं, आणि त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. खोटी नोट तिला उजेडात धरून बघावी लागायची नाही, मोजता मोजता बोट अडकायचं आणि ती नोट बाजूला पडायची. अशा बाईने रिटायर झाल्यावर आठ महिन्यांत एका महाराजांना १ लाख ८३ हजार रुपये दिले, कारण तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच ओट्यावर, तिच्याच टोपलीतलं लिंबू कापलं आणि आतून लाल निघालं.

मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे प्रकरण बाहेर आल्यावर घरच्यांनी पहिला प्रश्न मलाच विचारला की बाई ते लिंबू लाल कसं काय झालं. ते सोपं आहे हो. लिंबू तिचं होतं पण सुरी त्यांची होती. जास्वंदीच्या पाकळ्या पात्यावर चोळायच्या आणि वाळू द्यायच्या, वरवर कुणाचं लक्ष जात नाही, मग लिंबाचा आंबट रस लागला की झालं लालेलाल. लॅबमधलं मिथिल ऑरेंज लावलं तरी तेच. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हे तर आपल्या आज्यांना माहीत होतं. नारळ नुसतं पाणी शिंपडल्यावर पेट घेतो तिथे शेंडीत सोडियमचा तुकडा दडवलेला असतो.

पण खरं सांगू का, लिंबू लाल कसं झालं हा या सगळ्यातला सगळ्यात बिनकामाचा प्रश्न आहे.

कारण हळद आम्लारीत, म्हणजे चुन्यासारख्या पदार्थात, लाल होते हे माझी आठवीची पोरं पेपरात बरोब्बर लिहितात, दोन मार्क घेतात, आणि त्यातलीच काही घरी जाऊन बाबांच्या हातातलं कुंकू बघून नमस्कार करतात. वर्गातली हळद वेगळी, देवघरातली हळद वेगळी. आणि चमत्कारांचा पर्दाफाश करणारे कार्यक्रम मी स्वतः शाळेत ठेवलेत, पोरं टाळ्या वाजवतात, पालकही हसतात, आणि बाहेर पडताना एक तरी जण म्हणतोच, "तसले भोंदू असतात हो बाहेर, पण आमचे बाबा तसे नाहीत." म्हणजे एक युक्ती उघडी पडली की लोक ती युक्ती टाकून देतात, बाबा नाही टाकत. उद्या नवीन युक्ती येते. शिकवायचं ते दुसरंच काहीतरी आहे, आणि ते काय हे मला मावशीमुळे कळलं, शाळेमुळे नाही.

एक गैरसमज आधी काढून टाकूया, की अडाणी लोक फसतात. पुण्यात तर हे आपण अगदी पेठी तोऱ्यात म्हणतो. पण मावशी ग्रॅज्युएट, मुलगा हिंजवडीत आयटीत, सून सीए. माणूस फसतो तो बुद्धी कमी आहे म्हणून नाही, तर घायकुतीला आलाय म्हणून. काका गेले, मुलाची नोकरी सुटली, त्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं एकावर एक. अशा वेळी कुणीतरी समोर बसून तासभर ऐकून घेतं, घाई करत नाही, आणि वर सांगतं की याला कारण आहे आणि उपायही आहे. डॉक्टर पाच मिनिटं देतो, मुलं फोनवर "हो आई, नंतर बोलतो" म्हणतात, आणि इथे एक माणूस पूर्ण तास देतोय. हुशार माणूस फसला की उलट जास्त अडकतो, कारण तो स्वतःच स्वतःला पटवून द्यायला चांगली कारणं शोधून काढतो. म्हणून विचार करायची सवय संकट यायच्या आधी लागायला हवी. बुडायला लागल्यावर पोहणं शिकवून उपयोग काय.

आता ही माणसं काय करतात ते नीट बघू. महाराज पहिल्यांदा घरी आले तेव्हा मावशीला म्हणाले, तुम्ही इतरांसाठी खूप केलंत पण तुमची किंमत कुणी ठेवली नाही, वरून खंबीर दिसता पण रात्री झोप लागत नाही, एक काम कित्येक वर्षं अर्धवट राहिलंय. मावशी रडायलाच लागली. आता हीच तीन वाक्यं तुम्ही पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही बाईला सांगून बघा. पुरुषालाही चालतील. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि मग प्रत्येकाला "हे तुझं व्यक्तिमत्त्व" म्हणून एक कागद दिला, किती जुळतंय त्याचे ५ पैकी मार्क द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. गंमत अशी की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. हा प्रयोग मी दरवर्षी नववीत करते, कागदावर प्रत्येकाचं नाव घालून घडी करून देते, शेजाऱ्याला दाखवायचं नाही अशी ताकीद देते. पोरं भारावून जातात. मग म्हणते, आता कागद बदला. तेव्हा वर्गात जो गोंधळ होतो त्यात जे शिकणं होतं ते माझ्या चाळीस मिनिटांच्या लेक्चरने होत नाही, कारण फसण्याची चव त्यांनी स्वतः घेतलेली असते, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकलेली नसते.

हे झालं मोघम बोलणं. पण काही वेळा बाबाला अगदी नेमकं कळतं, काल रात्री तुम्ही कुणाशी भांडलात ते. तिथे मती गुंग होते. अमेरिकेत १९८६ साली पीटर पॉपॉफ नावाचा एक धर्मोपदेशक भर सभेत अनोळखी माणसांची नावं, पत्ते, आजार सांगायचा, तेव्हा जेम्स रँडी या जादूगाराने रेडिओ स्कॅनर लावून पकडलं की बायको पडद्यामागून कानातल्या यंत्रात सगळं सांगतेय, भक्तांनी सभेआधी भरून दिलेल्या चिठ्ठ्या वाचून. आणि २०२५ मध्ये आपल्या इथे पिंपरी-चिंचवड पोलिसांनी बावधनच्या बाजूच्या एका बाबाला अटक केली, आरोप असा की भक्तांच्या मोबाईलमध्ये त्यांच्या नकळत ॲप टाकून तो कॅमेऱ्यातून त्यांच्यावर नजर ठेवायचा आणि मग "मला दिसतं" म्हणायचा. दिव्यदृष्टी आता प्ले स्टोअरवर मिळते म्हणायची. मावशीच्या केसमध्ये तर एवढंही लागलं नाही, महाराजांना आणणारी बाई तिच्याच भिशीतली होती आणि भिशीत कुठल्या घरात काय शिजतंय हे सगळ्यांनाच माहीत असतं.

मग लोक म्हणतात पण गुण आला ना. इथे आपल्याकडची जुनी म्हण अगदी फिट बसते, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आपण बाबाकडे जातो कधी, तर सगळं तळाला गेलेलं असतं तेव्हा. ताप १०३ ला असताना अंगारा लावला आणि दोन दिवसांनी उतरला, पण बरेचसे ताप तसेही उतरतातच की. वाईटातला वाईट काळ हा बहुतेक वेळा थोडा सुधारतोच, नोकरी गेलेल्याला सहा-आठ महिन्यांत काहीतरी मिळतं, आणि तेवढ्यात जे कोण शेजारी उभं असेल त्याला श्रेय जातं. ज्यांना गुण आला नाही ते मठात येऊन अनुभव सांगत बसत नाहीत. ते गुपचूप घरी बसतात. त्यामुळे मठात फक्त गुण आलेलेच दिसतात.

न जुळलेलं मोजायचं कसं याचं एक मस्त उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे आणि ते मुलांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि आणखी दोघांनी मिळून फलज्योतिषाची चाचणी घेतली होती, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. २०० मुलांच्या कुंडल्या, त्यातली १०० अभ्यासात हुशार आणि १०० मतिमंद. कुंडली बघून एवढंच सांगायचं, मूल यातलं की त्यातलं. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, प्रत्येकाला ४० कुंडल्या गेल्या, उत्तरं आली २७ जणांची. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. मला यात आवडतं ते हे की त्यांनी ज्योतिषांना शिव्या घातल्या नाहीत, टिंगल केली नाही, म्हणाले चला, तुम्ही म्हणता त्याचीच मोजणी करूया. आणि बरोबर-चूक कसं ठरवायचं ते आधी ठरवलं, निकाल बघून नाही. मुलांना शिकवायचं तर हे, की आधी लिहा मग बघा.

आणि मोठ्या माणसांचंही सांगते. १९९५ मध्ये २१ सप्टेंबरला गणपती दूध प्यायला तेव्हा मी सहावीत होते, आईबरोबर रांगेत उभी होते, चमचा लावला आणि दूध खरंच कमी झालं. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून मूर्तीवर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं, पांढऱ्या मूर्तीवर तो दिसत नाही, रंग घातलेलं दूध दिलं तेव्हा शास्त्रज्ञांनी तो ओघळ दाखवून दिला. पण त्या रांगेतल्या एकालाही खाली वाकून बघावंसं वाटलं नाही, मलाही नाही. रांगच एवढी मोठी होती ना, एवढे लोक चुकतील कसे.

आता मुद्द्याचा भाग, म्हणजे श्रद्धेचं काय करायचं. माझं मत स्पष्ट आहे, वर्गात "देव आहे की नाही" हा वाद घालू नका. त्याने पोरं दोन गटांत बसतात, पालक तक्रार करतात, आणि बाबा मजेत राहतो. प्रश्न देवाला नाही विचारायचा, मधल्या माणसाला विचारायचा. आषाढात दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. दिंडीतल्या माळकऱ्याने तुम्हाला कधी म्हटलंय का की ५१ हजार दे नाहीतर मुलावर संकट येईल? कुणाला सांगू नकोस म्हणून त्याने बजावलंय? तो नाचतो, चालतो, पंढरीला जातो, तुम्ही नाही आलात तरी त्याचं काही बिघडत नाही. हा फरक पाचवीतल्या पोरालाही कळतो. आणि फरक करायला शिकवणं म्हणजे धर्म बुडवणं असं ज्यांना वाटतं त्यांनी गाडगेबाबांची कीर्तनं आठवावीत, तो माणूस उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करायचा, समोरच्या शेतकऱ्यालाच विचारत विचारत त्याच्याच तोंडून काढून घ्यायचा की कर्ज काढून नवस फेडण्यात आणि देवापुढे बकरं कापण्यात काय अर्थ आहे. माझ्या मते टीचर ट्रेनिंगमध्ये ती शिकवायला हवीत.

तर मधल्या माणसाला विचारायचं काय. मी पोरांना चार-पाच गोष्टींवर कान टवकारायला सांगते. सगळ्यात वर म्हणजे गुपित. "कुणाला सांगू नका, फळ जातं." मावशीने आठ महिने मुलाला सांगितलं नाही ते या एका वाक्यापायी. आता बघा, जगात कुठलं औषध आहे जे शेजारणीला सांगितलं की काम करेनासं होतं? ज्या उपायाला अंधार लागतो तिथे उपाय नाही, व्यवहार चाललाय. आणि मुलामुलींच्या बाबतीत तर हे जास्तच, "एकटीच ये", "दार लाव", "आईला नको सांगू", यातलं एक जरी ऐकू आलं तरी तो माणूस कितीही मोठा असो, तिथून निघायचं, चप्पल राहिली तरी चालेल.

दुसरं म्हणजे न हरणारा दावा. काम झालं तर महाराजांची कृपा, नाही झालं तर तुमची श्रद्धा कमी पडली, किंवा कुणीतरी नजर लावली, किंवा पूर्वजन्म. मी मुलांना विचारते, समजा महाराज चुकले असतील तर आपल्याला ते कसं कळेल, काय झालं तर आपण म्हणू की हे चुकलं? वर्ग शांत होतो. उत्तर नसेल तर ती दुसऱ्याच्या नाण्याने खेळलेली मॅच आहे, छापा तो जिंकला, काटा आपण हरलो.

मग पैसे. ते कधीच एकदम लाख मागत नाहीत. मावशीचं ५०१ पासून सुरू झालं, मग २,१०० ची शांती, मग ११,००० चं यंत्र, मग ५१,०००, मग आणखी एकदा ५१,०००, मध्येमध्ये दिलेली दक्षिणा वेगळी. प्रत्येक वेळी आधीचे गेलेले पैसेच पुढचे द्यायला लावतात, आता थांबलं तर आधीचं सगळं वाया जाणार असं वाटतं. वीस मिनिटं बस येत नाही तरी स्टॉपवर आपण आणखी दहा मिनिटं का थांबतो, तर वीस मिनिटं थांबलोय म्हणून, तसंच. आणि घाई, अमावास्येच्या आत, उद्या सकाळच्या आत, आत्ता यूपीआय करा. औषध बंद करा म्हणणं हे तर थेट धोक्याचं, त्यावर चर्चासुद्धा करायची नाही.

हे सगळं सांगून झालं तरी एक अडचण उरते, ती म्हणजे आपल्या घरात मोठ्यांना प्रश्न विचारणं म्हणजे उलट बोलणं. पोरगी मनात शंका घेऊन गप्प बसते कारण आजीसमोर कसं बोलायचं. म्हणून मी वर्गात वाक्यंच पाठ करून घेते, नाटक करून, एक जण बाबा होतो, एक जण भक्त. "मी घरी विचारून सांगते." "लिहून द्याल का?" "माझ्या भावाला घेऊन येते उद्या." उद्धट एकही नाही, आणि भोंदू माणसाला यातलं एकही सोसत नाही. बाबाचं काम करायला पोरांची मारामारी होते, हे मात्र थोडं काळजीचं आहे.

मावशीकडे परत येते. मावसभावाला बँकेच्या मेसेजवरून कळलं तेव्हा तो नको ते बोलला, अक्कल गहाण टाकलीस का वगैरे. तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं, कारण महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं की घरचे विरोध करतील, तीच परीक्षा आहे. म्हणजे भाऊ जितका ओरडला तितके महाराज खरे ठरले. फसलेल्या माणसाला हसू नका, हे मी हात जोडून सांगते. त्याला आधीच कुठेतरी कळलेलं असतं, आणि कबूल करणं म्हणजे पैशाबरोबर अब्रूही गेली असं असतं.

मी वाद घातला नाही. म्हटलं मावशी, तू एवढी वर्षं खाती सांभाळलीस, याचंही एक खातं ठेव ना. एका बाजूला महाराज काय म्हणाले, कधी होईल म्हणाले, तारीख घाल. दुसऱ्या बाजूला काय झालं ते. मी काही बोलणार नाही, बघणारही नाही. तिला ते आवडलं, शाईच्या पेनाने रकाने आखले तिने. साधारण अडीच महिन्यांनी एका रविवारी फोन आला, आवाज एकदम काउंटरवरचा, "अगं, टॅली होत नाही गं."

कायदा आहे का, तर आहे. डॉ. दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हयातीत आला नाही. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, आठवड्याभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने गोळ्या घालणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. त्या पुलावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जाते. या कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, ५ हजार ते ५० हजार दंड आहे, चमत्कार दाखवून पैसे उकळणं त्यात येतं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देणं येतं, आणि यात्रा, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही असं त्यातच लिहिलंय, जे व्हॉट्सॲपवर कुणी सांगत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. यूपीआयच्या नोंदी, चॅट, व्हॉइस नोट काही डिलीट करायचं नाही, चिडून ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट.

मावशीकडे हे सगळं आहे, वहीसकट. पण तक्रार तिने अजून केलेली नाही, भिशीतल्या बाया काय म्हणतील म्हणून. मी दोनदा विचारलं, आता विचारत नाही. ११,००० चं ते तांब्याचं यंत्र तिच्या कपाटात आहे, जुन्या पासबुकांच्या खाली. मोडीत किती येतील याची चौकशी करून आलीये, पण फेकवत नाही म्हणते.